आम्ही एडिसनकर?



मागच्या महिन्यात आमच्या लेकीला शाळेतून एक प्रोजेक्ट मिळालं. ती तिसरीत आहे. विषय साधाच होता: 'आपलं गाव'. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गावाचं नाव, ते कसं पडलं, गावाचं बोधवाक्य, नकाशा, आणि शेवटी तीन प्रसिद्ध रहिवासी, त्यांच्या चित्रांसह. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. त्यामुळे पहिलं नाव शोधायला अर्धा मिनिटही लागला नाही! उरलेली दोन नावं मात्र आम्हा बापलेकीला दोन शनिवार पुरली.

मध्येच तिने विचारलं, "बाबा, आपलं आडनाव गावावरून आलंय ना? मग आपण आता एडिसनकर का नाही?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा होता, पण माझ्या डोक्यातून जाईना. आमचं आडनाव 'कर'ने संपतं. त्या गावात मी आयुष्यात दोनदा गेलोय, दोन्ही वेळा कुलदैवताच्या दर्शनाला. माझे आजोबाही तिथे कधी राहिले नव्हते. तरी ते गाव माझ्या पासपोर्टवर आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे आणि ऑफिसच्या बॅजवरही आहे. आणि ज्या गावात मी अकरा वर्षं राहतोय, दर तीन महिन्यांनी प्रॉपर्टी टॅक्स भरतोय, हिवाळ्यात ज्याचा बर्फ उपसतोय, त्याचा मी कोण? त्या निमित्ताने थोडं वाचलं, थोडं फिरलो. जे कळलं ते आपल्या मंडळींसमोर मांडावंसं वाटलं.

नाव कोणाचं, गाव कोणाचं

आपल्याकडे गाव माणसाला नाव देतं. इथे उलटं झालं. आणि ते फार जुनंही नाही.

हे गाव १८७० साली पिस्कॅटवे आणि वुडब्रिज यांचे तुकडे जोडून तयार झालं, तेव्हा त्याचं नाव होतं रॅरिटन टाउनशिप. रॅरिटन हा शब्द इथल्या मूळ लेनापी लोकांकडून आलेला. शेजारून वाहणाऱ्या नदीने आणि पुढच्या खाडीने तो अजून जपलाय. १९०० साली गावाच्या पोटातून मेटाचेन वेगळं झालं, १९०५ मध्ये हायलंड पार्क. उरलेल्या गावाचं नाव नोव्हेंबर १९५४ मध्ये, लोकांचं मत घेऊन, एडिसन ठेवण्यात आलं. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेले जे लोक इथेच जन्मले, त्यांच्यापैकी काहींच्या जन्माच्या वेळी एडिसन नावाचं गावच नव्हतं.

आता थॉमस अल्वा एडिसन यांचा या गावाशी हिशेब पाहू. जन्म १८४७ चा, ओहायो राज्यातला. १८७६ साली ते इथल्या मेन्लो पार्क भागात प्रयोगशाळा घेऊन आले. (आपल्या आयटीवाल्या मित्रांसाठी खुलासा: कॅलिफोर्नियातलं फेसबुकवालं मेन्लो पार्क ते वेगळं.) १८७७ मध्ये फोनोग्राफ झाला. १८७९ च्या ऑक्टोबरात दिवा टिकला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री लोकांना बोलावून तो दाखवला. पुढे कामाचा व्याप न्यूयॉर्कला गेला. १८८४ साली त्यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालं आणि मेन्लो पार्कशी असलेला घरोबा संपल्यातच जमा झाला. १८८६ मध्ये दुसरं लग्न करून ते वेस्ट ऑरेंजला राहायला गेले. १८८७ मध्ये तिथे नवी, कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभी केली आणि १९३१ साली मृत्यूही तिथेच झाला.

हिशेब असा झाला: वेस्ट ऑरेंजमध्ये पंचेचाळीस वर्षं, आमच्या गावात जेमतेम आठ-दहा. तरी नाव आमच्या गावाला!

बरं, त्यांची प्रयोगशाळा तरी इथे आहे का? नाही. मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांना एडिसनबद्दल अपार भक्ती. त्यांनी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला उभी केली. सापडले ते मूळ अवशेष नेले आणि बाकीचं हुबेहूब बांधलं. प्रयोगशाळेभोवतालची लाल मातीसुद्धा मालगाडीने उचलून नेली. १९२९ साली दिव्याच्या पन्नाशीचा सोहळाही तिकडेच झाला. वयोवृद्ध एडिसननी ते पाहून सगळं अगदी तसंच आहे, फक्त आमची जमीन इतकी स्वच्छ कधी नव्हती, अशा अर्थाचं काहीतरी म्हटल्याचं सांगतात.

म्हणजे माणूस गेला, इमारत गेली, माती गेली. उरलं काय? एक मनोरा, एक छोटंसं संग्रहालय आणि एक नाव. मनोरा १९३० च्या दशकात बांधला, १३१ फूट उंच, माथ्यावर काचेचा अवाढव्य दिवा. गावाचं बोधवाक्य आहे 'प्रकाश होवो'. बायबलच्या पहिल्याच पानावरचं वाक्य, पण इथे रोख अर्थातच दिव्याकडे.

ही टिंगल म्हणून सांगत नाही. १९५४ च्या लोकांनी केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. राज्यात रॅरिटन नावाची आणखी गावं होती. आपल्या जमिनीवर घडलेली जगातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती ते त्यांनी ठरवलं आणि त्यावर मत दिलं. मुद्दा एवढाच की गावाची अधिकृत ओळख आभाळातून पडत नाही. त्या वेळी जे हजर असतात, हात वर करतात, ते ती ठरवतात. ज्याचं नाव द्यायचं तो माणूस हजर असण्याचीही गरज नसते!

प्रसिद्ध रहिवासी म्हणजे नेमकं कोण?

आता त्या यादीचं बघू. 'रहिवासी' म्हणजे काय याची व्याख्या कुठेच नाही. डेटाबेस करायला बसलात तर पहिल्याच कॉलमला अडाल. जन्म इथला हवा? शाळा इथली हवी? किती वर्षं राहायला हवं? अभिनेत्री सुझन सॅरंडन न्यूयॉर्कला जन्मल्या, पण वाढल्या इथे, एडिसन हायस्कूलला शिकल्या. त्या यादीत आहेत. ब्रिटनी मर्फी यांचंही बालपण इथे गेलं, म्हणून त्याही आहेत. जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड मात्र आमच्या यादीत नाहीत, कारण ते मेटाचेनचे. मेटाचेन हे चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं, पंधरा हजार वस्तीचं चिमुकलं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लेखक-कलावंत बरेच राहत, म्हणून त्याने 'ब्रेनी बरो', म्हणजे बुद्धिवंतांचं गाव, असं बिरुद लावून घेतलं आणि ते अजून अभिमानाने मिरवतं. आपल्या पुण्याची आठवण झाली ना? रस्ता ओलांडला की बुद्धी संपली!

गंमत सोडा. मला खरी चुटपुट लागली ती दुसऱ्याच लोकांची. दिवा काय एकट्या एडिसननी लावला? चार्ल्स बॅचलर हे त्यांचे उजवे हात, इंग्लंडहून आलेले. जॉन क्रूसी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले यंत्रकार. एडिसननी कागदावर काढलेल्या आकृतीवरून जगातला पहिला फोनोग्राफ प्रत्यक्ष घडवला तो त्यांनी. दिव्याचे काचेचे फुगे फुंकणारे लुडविग बोएम जर्मनीचे. गणिताची बाजू सांभाळणारे फ्रान्सिस अप्टन मात्र इथलेच, अमेरिकन. यातली बिनलग्नाची बरीच पोरं सारा जॉर्डन नावाच्या बाईंच्या घरी राहत आणि जेवत. त्या एडिसनच्या दूरच्या नात्यातल्या. म्हणजे चक्क खानावळ आणि पेइंग गेस्ट! (तेही घर फोर्डसाहेबांनी उचलून नेलं.)

वाचताना मला माझी इथली पहिली दोन वर्षं आठवली. दोन खोल्यांत चौघे, आळीपाळीने कुकर, रात्री उशिरापर्यंत काम, आणि ते काम ज्याच्या नावावर जाईल तो साहेब वेगळाच. मेन्लो पार्कच्या त्या कामगारांमध्ये आणि आपल्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण परदेशातून येऊन याच गावात दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर रात्री जागवणारे आपण पहिले नाही. ज्या माणसाच्या नावाने हे गाव ओळखलं जातं त्याची टीमच निम्मीअर्धी परदेशात जन्मलेली होती. गावाच्या अधिकृत गोष्टीत हे पहिल्या ओळीत असायला हवं. ते कोपऱ्यात आहे.

'जुने' लोक किती जुने?

याचं महत्त्व का, तर गावाची ओळख हा इथे अधूनमधून भांडणाचा विषय होतो आणि तेव्हा बोट आपल्याकडे असतं.

आकडे पाहा. १९५० साली या गावाची लोकसंख्या १६,३४८ होती. १९६० मध्ये ४४,७९९. दहा वर्षांत जवळजवळ पावणेतीन पट! १९४८ साली फोर्डचा मोटार कारखाना इथे आला होता (तो २००४ मध्ये बंद झाला). महायुद्ध संपलं होतं, हमरस्ते झाले होते, शेतांवर घरं उठत होती. गावालगतच्या कॅम्प किल्मर या लष्करी तळावर १९५६-५७ मध्ये हंगेरीहून पळून आलेल्या हजारो निर्वासितांनी अमेरिकेतल्या पहिल्या रात्री काढल्या. म्हणजे गावाला एडिसन हे नाव मिळालं त्याच दशकात गावातले बहुसंख्य लोक नवे झाले. पुढे १९७० मध्ये ६७,१२०, १९९० मध्ये ८८,६८०, आणि २०२० मध्ये १,०७,५८८.

आपली लाट त्यातली शेवटची. २००० च्या जनगणनेत गावात दर शंभरांत सुमारे अठरा जण भारतीय वंशाचे होते, २०१० मध्ये अठ्ठावीस. ओक ट्री रोडवर दुकानं झाली, देवळं झाली, क्रिकेटचे सामने सुरू झाले. आणि कुरबुरीही सुरू झाल्या. नव्वदच्या दशकात नवरात्रातल्या गरब्याच्या वेळा आणि आवाज यावरून आयोजक आणि टाउनशिप यांच्यातला वाद १९९६ मध्ये थेट फेडरल कोर्टात गेला. २०१० साली 'टाइम' साप्ताहिकात, इथेच वाढलेल्या जोएल स्टाइन या विनोदी लेखकाने आपलं बालपणीचं एडिसन कसं हरवलं यावर एक लेख लिहिला. भारतीयांवरचे त्यातले विनोद इतके झोंबले की साप्ताहिकाला आणि लेखकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१७ मध्ये स्कूल बोर्डाच्या निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी निनावी पत्रकं आली. चिनी आणि भारतीय लोक आपलं गाव बळकावत आहेत, असा मजकूर, आणि जेरी शी व फाल्गुनी पटेल या दोन उमेदवारांच्या फोटोंवर त्यांना देशाबाहेर घालवा असा शिक्का. मतदारांनी दोघांनाही निवडून दिलं, हे सांगायला हवं.

या तक्रारींमध्ये एक शब्द सारखा येतो: 'आमचं जुनं गाव'. पण ते जुनं गाव म्हणजे बहुतेकांच्या मनात १९६० किंवा १९७० चं गाव असतं. आणि ते गाव स्वतःच नवख्यांचं होतं! शेतकऱ्यांच्या रॅरिटन टाउनशिपवर कारखान्यातले कामगार आणि न्यूयॉर्कला आगगाडीने जाणारे नोकरदार येऊन बसले, तेव्हा जुन्या शेतकऱ्यांनीही नाकं मुरडली असतीलच. आधी आलेला जिना चढून गेला की जिना आपल्याच मालकीचा समजतो. हे आपल्यालाही लागू आहे. 'आम्ही आलो तेव्हाचं एडिसन काय शांत होतं हो, आता काय ही गर्दी', हे वाक्य मी आपल्याच मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात ऐकलंय.

आपला हिशेब

आता आपल्याकडे वळू, कारण दुसऱ्याची चूक दाखवणं सोपं.

राजकीय प्रतिनिधित्वाच्या बाबतीत बदल झालाय. २००५ मध्ये कोरियात जन्मलेले जून चॉय इथले पहिले आशियाई-अमेरिकन महापौर म्हणून निवडून आले. २०२१ च्या निवडणुकीत समीप जोशी हे पहिले भारतीय वंशाचे महापौर झाले, तेही वयाच्या बत्तिशीत. पण महापौर झाला म्हणजे ओळख झाली असं नाही. ओळख ठरते ती रस्त्यांच्या नावांत, बागेतल्या बाकावरच्या पाटीत, वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात आणि तिसरीच्या पोरांच्या पुठ्ठ्यावर. तिथे आपण कुठे आहोत?

आपण तीन चुका करतो असं मला वाटतं.

पहिली, आपण गावात असूनही गावात नसतो. आपलं सार्वजनिक जीवन म्हणजे मंडळ, देऊळ, ढोलपथक, मुलांचे क्लास. यातलं काहीच वाईट नाही. पण कौन्सिलच्या सभेला शेवटचं कधी गेला होतात? मी अकरा वर्षांत पहिल्यांदा या लेखाच्या निमित्ताने गेलो. लाज वाटली.

"आम्हाला मत कुठे आहे?" हा यावरचा ठरलेला प्रश्न. खरं आहे. मीही अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे आणि रांग हलत नाही. पण मत हा एकच दरवाजा नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने कौन्सिलच्या आणि स्कूल बोर्डाच्या जाहीर सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. मी गेलो तेव्हा बोलणाऱ्याला कोणी व्हिसा विचारत नव्हतं. जनगणनाही राहणाऱ्याला मोजते, नागरिकाला नाही. २०२० च्या फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता. म्हणजे सरकारी अर्थाने 'इथला रहिवासी' म्हणून आपली नोंद आधीच झालेली आहे. आपणच आपल्याला पाहुणे समजतो.

दुसरी चूक, आपण गावासमोर जे घेऊन जातो ते नीट निवडत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एडिसन आणि वुडब्रिजमधून भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली. त्यात एक बुलडोझर होता, उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या फोटोसह. तिकडे लोकांची घरं पाडण्याशी जोडलं गेलेलं ते चिन्ह पाहून इथल्या मुस्लिम शेजाऱ्यांना काय वाटलं असेल? दोन्ही गावांच्या महापौरांनी निषेध केला आणि महिनाअखेर आयोजकांनी लेखी माफी मागितली. तिकडच्या राजकारणात आपलं मत काहीही असो. मला एवढंच दिसतं की वर्षातून एक दिवस सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून आपल्याकडे बघतं आणि त्या दिवशी आपण शेजाऱ्याला घाबरवणारी वस्तू पुढे केली. ओळख अशीही ठरते, आणि पुसायला वेळ लागतो.

तिसरी चूक जरा घरातलीच. आपले 'प्रसिद्ध रहिवासी' कोण, असं विचारलं तर आपण पटकन देणगीदारांची नावं घेऊ. स्मरणिकेचं पहिलं पान त्यांचंच असतं. त्यांच्याशिवाय हॉल मिळत नाही हे मान्य! पण वीस-बावीस वर्षं गावाच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून रात्रपाळी करणारे एक काका आपल्यातच आहेत. निवृत्तीनंतर आलेल्या आजी-आजोबांना आठवड्यातून दोनदा वाचनालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांची नावं ना आपल्या स्मरणिकेत, ना गावाच्या यादीत. म्हणजे मेन्लो पार्कमध्ये क्रूसी आणि बॅचलर यांचं जे झालं तेच आपण आपल्या माणसांचं करतोय.

मग करायचं काय?

काही मित्र म्हणतात गावाच्या वेशीवर 'लिटल इंडिया' अशी अधिकृत पाटी हवी. मला ती फार गरजेची वाटत नाही. अशी पाटी बाजारपेठेची ओळख सांगते, माणसांची नाही. गावाचं नाव बदला असं तर कोणी शहाणा म्हणणार नाही. एडिसन हे नाव छान आहे आणि त्यामागची गोष्ट नीट सांगितली तर ती आपलीही आहे.

मला सुचतं ते लहान आहे. मंडळाने यंदा एक छोटा गट करावा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेल्या दहा मराठी कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. (ध्वनिमुद्रण जिथे जन्मलं त्या गावात राहून एवढं तरी करायलाच हवं!) मराठीत बोलू दे, खाली इंग्रजी भाषांतर देऊ, आणि त्याची एक प्रत इथल्या सार्वजनिक वाचनालयाला देऊ करू. दुसरं, वर्षातून चार वेळा तरी दोघादोघांनी पाळी लावून कौन्सिलच्या सभेला जावं. तक्रार घेऊनच जायला हवं असं नाही, नुसतं बसलं तरी चालेल. १९५४ मध्ये जे बसले होते त्यांनीच गावाचं नाव ठरवलं.

राहता राहिला पुठ्ठा. पहिलं चित्र एडिसनचं लागलं, दुसरं सुझन सॅरंडन यांचं. तिसऱ्या जागी लेकीने हट्टाने जॉन क्रूसी लावले, दाढीवाले. वर्गात कोणी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं, त्यामुळे बाईंनी तिला पुढे बोलावून सगळ्यांना सांगायला लावलं. घरी येऊन म्हणाली, "मी सांगितलं, तो दुसऱ्या देशातून आला होता आणि त्याने मशीन बनवलं. मग रियान म्हणाला, माझे बाबा पण."

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. हो बाळा, आहोत आपण एडिसनकर. फक्त अजून नाव नोंदवायला गेलो नव्हतो.

आठवणी सांगायला किंवा टिपायला ज्यांना यायचं असेल त्यांनी पुढच्या बैठकीत मला जरूर भेटा. चहा माझ्याकडून!